एक चमचा राजमा

ताई,

तू गेलीस, आणि परवा विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं. आदल्या दिवशी जेवणाचं सांगायला गेले, तेव्हा केटरिंगवाल्या बाईंनी सहज विचारलं, "ताईंच्या आवडीचं काही ठेवायचंय का? बहुतेक घरी ठेवतात." मी मान फिरवली. त्यांना वाटलं, मला रडू येतंय. तसं नव्हतं. तुझ्या आवडीचं सांगायचं, तर पाकीट कात्रीनं कापा, पातेल्यात ओता आणि पाच मिनिटं गरम करा, असं सांगावं लागलं असतं. शेवटी म्हटलं, वरण-भात, वांग्याची भाजी आणि जिलबी करा. लोक जेवले, चांगलं झालं होतं म्हणाले.

त्याआधी विहारात चार जण बोलले. सुजाता म्हणजे वस्तीतली पहिली इंजिनीअर, सुजातानं किती मुलींना वाट दाखवली, असं सगळं. ते खरंच आहे. पण मला ते इथे लिहायचं नाही. मला आपल्या पाकिटांविषयी लिहायचंय, कारण ती गोष्ट आता माझ्याशिवाय कुणाला पूर्ण ठाऊक नाही, आणि तिच्यात मी वाईट वागले आहे.

आईनं आपल्याला स्वयंपाक शिकवला नाही. शिकूच दिला नाही. नागपूरच्या त्या मुलींच्या वसतिगृहात ती सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटायची, आणि घरी येऊन पुन्हा आपल्यासाठी चूल पेटवायची. मी एकदा कणकेला हात लावला, तर तिनं लाटणं उगारलं होतं. "काहून आली तू अथी? जा, पुस्तक घे. हे एकदा हाताले लागलं की सुटत नाही." तू दारात उभी राहून हसत होतीस. तुला तर चहासुद्धा येत नव्हता, आणि आईला त्याचा अभिमान होता. शेजारच्या बाया म्हणायच्या, पोरींचं पुढं कसं होईल. आई म्हणायची, "होईल तसं होईल. चुलीपुढे नाही बसणार."

तुला हिंजवडीत नोकरी लागली आणि वर्षभरात तू मला कॉलेजसाठी पुण्याला आणलंस. हडपसरची ती दोन खोल्यांची जागा तू का घेतलीस, ते मला तेव्हा कळलं नाही. तुझं ऑफिस शहराच्या त्या टोकाला, घर या टोकाला. कंपनीच्या बसमध्ये रोज तुझे चार तास जायचे. पुढे समजलं की माझं कॉलेज जवळ पडावं म्हणून तू ते केलंस. तू कधी बोलली नाहीस. मीही विचारलं नाही.

पहिले दोन महिने आपण डबा लावला होता. रोज तीच बटाट्याची भाजी. मग एका रविवारी तू मला चौकातल्या त्या नव्या दुकानात नेलंस, जिथे टोपली घेऊन आपला माल आपणच उचलायचा. आपण दोघी तशा दुकानात पहिल्यांदाच गेलो होतो. टोपली उचलली तर कुणी रागावेल का, असं मी तुला विचारलं होतं. डाळी, पिठं, बिस्किटं ओलांडून गेल्यावर एका फळीवर चौकोनी खोकी मांडलेली होती. पालक पनीर, दाल मखनी, राजमा, छोले, पावभाजीची भाजी. वरच्या फळीवर महागाची, आणि अगदी खाली, वाकून घ्यावी लागतील अशी, कुणी नाव न ऐकलेल्या कंपन्यांची स्वस्तातली. तू खाली बसलीस, एकेक खोकं उलटून मागचं बारीक छापलेलं वाचलंस आणि म्हणालीस, "छोटी, यात आईचं सगळं काम करून ठेवलंय बघ."

त्या दिवशी आपण खालच्या फळीवरची चार घेतली. घरी येऊन पातेल्यात पाणी उकळलं आणि चांदीसारखी पिशवी त्यात सोडून दोघी घड्याळाकडे बघत उभ्या राहिलो. कापताना वाफेनं तुझं बोट भाजलं. पालक पनीर शेवाळ्यासारखं दिसत होतं आणि नुसतं खारट लागत होतं. आपण ते शेजारच्या पोळीवाल्या काकूंच्या पोळ्यांनी पुसून पुसून खाल्लं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या घरी कुणी रांधलं नव्हतं आणि तरी आपण गरम जेवलो होतो.

तू सॉफ्टवेअर तपासायचीस. त्यात काय चुकतं ते शोधून लिहून द्यायचं, हे तुझं काम. तेच तू पाकिटांवर सुरू केलंस. जुन्या डायरीत प्रत्येकाचा अहवाल. "मटर पनीर: मटर आढळले. पनीर चित्रात आहे." "मिक्स व्हेज: कोणत्या भाज्या मिक्स केल्या हे चाखून सांगता येत नाही, कंपनीलाही सांगता येईल असं वाटत नाही." "दाल मखनी: चालेल. घरी पाहुणे आल्यास चालेल." आणि राजमा, त्या सगळ्यांत स्वस्त कंपनीचा, पिवळ्या खोक्यातला. त्याच्यापुढे तू फक्त लिहिलं होतंस, "दोष नाही."

ताई, ती वर्षं चांगली होती. मी हे तुला कधी बोलले नाही. तू संध्याकाळी साडेआठला बसमधून उतरायचीस, मी भात लावून ठेवलेला असायचा (कुकरच्या तीन शिट्ट्या एवढं मला जमायचं), आणि तू बूट काढता काढता विचारायचीस, "आज कोण आहे?" जणू कुणी पाहुणा यायचाय. मी म्हणायचे, "छोले." तू म्हणायचीस, "बसव त्यांना."

आई एकदाच येऊन राहिली. तिला दाखवायला तू राजमा गरम केलास. तिनं ती रिकामी पिशवी उचलून आत पाहिलं, वास घेतला आणि बाजूला ठेवली.

"मले नाही पाहिजे."

"अगं, चाखून तर बघ. कुणाला त्रास नाही, काही नाही. मशीन करतं सगळं."

"मशीन राजमा निवडते?" आई म्हणाली. "कोण्यातरी बाईनं बसून निवडला असंल. तिचे हात तू पाह्यले का?"

तू काही तरी उत्तर दिलंस, की त्या बाईला पगार असतो, सुट्टी असते, आईसारखं नाही. आई म्हणाली, मलेही पगार होता. आई आठ दिवस स्वतःच्या हातानं रांधून जेवली आणि परत गेली. गाडी सुटल्यावर तू फलाटावरच म्हणालीस, "हिला मी स्वयंपाकातून सोडवायला निघाले होते, आणि ही माझ्याच ओट्यावर रांधून गेली." तुमचा तो वाद तिथेच राहिला. पुढे फोनवर तुम्ही दोघी पावसाबद्दल आणि गुडघ्यांबद्दल बोलायचात.

मग ते अमरावतीचे लोक तुला बघायला आले. मुलगा चांगला होता, हे तूही मान्य केलं होतंस. मामा म्हणाले होते, जेवायलाच बोलवा, घरचं वाटेल. तू दाल मखनी आणि राजमा केलास, म्हणजे केला नाहीस. वर कोथिंबीर मी चिरून घातली, तीही जाडजूड. मुलाच्या आईनं दोनदा डाळ घेतली.

"छान झालीय हो. तुम्ही केली?"

मी टेबलाखालून तुला पाय लावला. तू माझ्याकडे बघितलंस आणि त्यांना म्हणालीस, "मी गरम केली."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, नम्रपणा आहे. मुलाचे वडील म्हणाले, "नाव सुजाता, बुद्धांना खीर देणारीचं, म्हणजे खीर तर येतच असेल."

"पाकिटातली येते," तू म्हणालीस. "दूध उकळून त्यात टाकायचं. ढवळावं लागतं मात्र."

ते उठेपर्यंत नीट वागले. नकाराचा निरोप दोन दिवसांनी आला. मी तुझ्यावर फार चिडले. एक वाक्य खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं. तू भांडी घासत होतीस. म्हणालीस, "एक वाक्य नसतं गं. मग रोज तेच खोटं रांधावं लागतं." पुढे दोन-तीन स्थळं आली, तिथेही तू हेच केलंस, आणि मग स्थळं यायची थांबली. तुला त्याचं किती लागलं, ते मला कळू दिलं नाहीस. पण त्यानंतर डायरीत तू काही लिहिलं नाहीस, हे मी पाहिलं होतं.

माझं लग्न झालं. दोन गल्ल्या सोडून घर मिळालं. तिथे खालच्या मजल्यावरच्या मावशींकडे बघून बघून मी हळूहळू रांधायला लागले. कुणी भाग पाडलं नव्हतं, ताई. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. कांदा परतताना त्याचा रंग बदलतो, तेवढं बघायलाही मला बरं वाटायचं. पण तुला सांगायची भीती वाटायची, कॉलेज बुडवून सिनेमाला जाताना वाटावी तशी. सहा महिने मी तुझ्यापासून ते लपवलं. मग एका रविवारी तुला जेवायला बोलावलं आणि भरली वांगी केली. नागपूरसारखी, तिखट, वर तेलाचा तवंग आलेली.

तू दोन घास खाल्लेस. म्हणालीस, "आईची चव आलीय." मी खुश झाले. मग तू ताट पुढे सरकवलंस. "म्हणजे बसलीस तू शेवटी चुलीपुढे."

"गॅस आहे ताई. आणि मी उभी राहून करते."

"तिनं चाळीस वर्षं लाटलं, ते तुला वांगी भरता यावीत म्हणून नाही."

तेव्हा मी ते बोलले. "तुला कुणाला करून घालायचंच नाही, म्हणून तू त्याचं तत्त्व करून ठेवलंयस," मी म्हणाले. माझा नवरा पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभा होता, तो तसाच आत गेला. तू उठलीस, हात धुतलेस, माझ्या टॉवेलला न पुसता तसेच ओले घेऊन चप्पल घातलीस. चार महिने आली नाहीस. नंतर आलीस, पुष्कळदा आलीस, माझ्या लेकीला गणित शिकवलंस, पण माझ्या घरी कधी जेवली नाहीस. "मी जेवूनच आलेय," हे वाक्य तू इतकी वर्षं म्हणालीस, की माझी लेक तुझी नक्कल करायची. मी त्या बोलण्याची माफी मागायची ठरवत राहिले. तुझी कधी बदली होणार होती, कधी माझ्याकडे पाहुणे असायचे. मग ते जुनं झालं, आणि जुनं उकरून कशाला काढा, असं मला वाटायला लागलं.

तुझे पाय सुजायला लागले तेव्हा तू बसमध्ये बसून बसून होत असेल म्हणालीस. वर्षभर तेच म्हणालीस. डॉक्टरांनी रक्त तपासलं तोवर दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या. रक्तदाब किती वर्षं चढलेला होता कोण जाणे, कधी कुणी मोजलाच नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं खाणं किती?"

"बाहेरचं नाही," तू म्हणालीस. "घरीच खाते."

मी बाजूला बसले होते. मी त्यांना पाकिटांचं सांगितलं. तू माझ्याकडे बघितलंस, चुगली केल्यावर बघतात तसं. डॉक्टर म्हणाले, मिठानं भर पडली असेल, पण एवढ्यानंच झालं असं कुणी सांगू शकणार नाही. मी मात्र तेवढंच धरून बसले. मला कुणावर तरी राग काढायला हवा होता. किडनी द्यायची, तर माझा रक्तगट तुला चालत नव्हता. आईला साखर होती. यादीत नाव घातलं, आणि त्या यादीचं काय होतं ते आपण दोघींनी पाहिलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार तुझा हात सुईला आणि आपण चार-चार तास त्या गार खोलीत.

त्या दीड वर्षात, त्या भरल्या वांग्यांनंतर पहिल्यांदा, तू माझ्या हातचं खाल्लंस, कारण दुसरा इलाजच नव्हता. दुधी, कोबी, सगळ्या भाज्या उकडून पाणी फेकून द्यायचं, मीठ नाही, टोमॅटो नाही, डाळ नावाला. मी मन लावून करायचे. तू डबा उघडून म्हणायचीस, "वस्तू आढळली. चव तपासात आहे." मी हसायचे. तूही हसायचीस आणि अर्ध्यावर झाकण लावायचीस. तुझं वजन उतरत होतं. मला वाटायचं, निदान आता ती माझ्या हातचं जेवतेय. हे मी स्वतःशीसुद्धा कबूल करायला नको होतं, पण मला त्यात समाधान होतं. मी जिंकले होते.

शेवटच्या शुक्रवारी डायलिसिसहून परत येताना तू रिक्षात म्हणालीस, "छोटी, राजमा खावासा वाटतो गं. तो पिवळ्या खोक्यातला."

"तुला चालत नाही."

"माहितीये. एक चमचा."

"नाही."

शनिवारी दुपारी मी डबा घेऊन आले तर दारात मोबाइलवरून मागवलेली पिशवी. आत तेच खोकं. रंग थोडा बदललेला, पण तेच. मी तुझ्यासमोर ते फाडलं, पिशवी कापली आणि सगळा राजमा मोरीत ओतून वर पाणी सोडलं. तू पलंगावरून बघत होतीस. रागावली नाहीस. हळू आवाजात म्हणालीस, "एक चमचा काढून ठेवायचास. मी सही करून दिली असती, जबाबदारी माझी म्हणून."

"आणि आईला काय सांगू मी?"

"मुलगी जेवली म्हणून सांग."

मी दुधीचा डबा उघडून तुझ्यापुढे ठेवला आणि तू संपवेपर्यंत तिथे बसून राहिले. तू संपवलास. शेवटचा घास गिळताना तुझे डोळे मिटले होते. रविवारी माझ्या लेकीची स्पर्धा होती, मी डबा नवऱ्याबरोबर पाठवला. सोमवारी सकाळी तुला न्यायला आले तेव्हा दार आतून बंद होतं आणि तू उघडलं नाहीस.

चार दिवसांनी कागद घ्यायला गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. विचारायला नको होतं. ते म्हणाले, अशा पेशंटचं हृदय असं अचानक थांबतं, दोन डायलिसिसमधलं अंतर मोठं असलं की जास्तच. तुम्ही सगळं पथ्य सांभाळलं होतं. मी म्हणाले, "तिनं एक चमचा राजमा मागितला होता." ते म्हणाले, "एका चमच्यानं काही झालं नसतं. वाटीभर नको म्हणालो असतो."

त्याआधी, तुझा अंत्यविधी व्हायच्या आधीच, मामेभाऊ आईला गाडीनं घेऊन आला होता. पंधरा तासांच्या प्रवासानं तिचे गुडघे धरले होते, दोघांनी उचलून वर आणली. ती तुझ्याशेजारी बसली, तुझ्या हातावरच्या सुयांच्या गाठींवरून बोट फिरवत राहिली. मग मला विचारलं,

"शेवटी काय खाल्लं तिनं?"

मी म्हणाले, "राजमा-भात."

"पाकिटातला?"

"हो. तिनं मागितला होता."

"तू देल्ला?"

"हो."

आईनं मान हलवली. इतकी वर्षं तिनं त्या पाकिटांतलं काही चाखलंही नव्हतं. म्हणाली, "चांगलं केलं बाई. तिच्या मनाचं झालं."

ताई, तेव्हापासून आई माझ्याकडेच आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगते. डॉक्टरांनी बंदी केली होती, पण धाकटीनं ऐकलं नाही, मोठीला तिच्या आवडीचं खाऊ घालून पाठवलं. बायका माझ्याकडे बघून डोळे पुसतात. आज सकाळी खालच्या मावशी आल्या होत्या, त्यांनाही तिनं सांगितलं, भात किती, राजमा किती, सगळं. किती ते मी सांगितलं नव्हतं, तरी तिनं तेवढं भरून घेतलंय. मावशींनी माझा हात हातात घेतला. मी तो काढून घेतला नाही.